हौद, ओढा आणि डोंगर

पुण्याच्या पूर्वेकडच्या पेठांत माझे बालपण गेले. नळ कोरडा पडला की दादी हाक मारायची, "बेटा, घागर ले और हौदपर जा." हौदाचे पाणी वापरायला चाले. ते कात्रजहून येते एवढे दादीला ठाऊक होते. पण कात्रज तिने कधी पाहिले नव्हते. पाणी जिथे भरतो ते गाव आपले आणि जिथून येते ते दुसऱ्याचे, अशी आपली सर्वांचीच समजूत असते.

पुण्याला हौद देणाऱ्यांची तशी समजूत नव्हती. अठराव्या शतकाच्या मध्यावर, नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, शहर वाढू लागले, नव्या पेठा वसू लागल्या. तेव्हा कात्रजच्या डोंगरांतून उतरणारे पाणी बांध घालून अडवले गेले. एकाखाली एक अशी दोन तळी झाली. वरच्या तळ्यात गाळ बसायचा आणि निवळलेले पाणी खाली यायचे. तिथून दगडी बांधणीचा भूमिगत नळ थेट शनिवारवाड्यापर्यंत आणला. अंतर आठ-नऊ किलोमीटर. ना पंप, ना इंजिन. केवळ जमिनीचा उतार. वाटेत हवा सुटावी, आत उतरून गाळ काढता यावा म्हणून उच्छ्वास ठेवले. काळा हौद, बदामी हौद, नाना हौद ही नावे आजही पुणेकरांच्या तोंडी आहेत.

याच डोंगरांतून आंबील ओढा येतो. एके काळी तो पेठांमधून वाहत मुठेला मिळत असे. पेशवाईत त्याला बांध घालून पश्चिमेकडे वळवले आणि पर्वतीच्या पायथ्याशी तळे केले. पुढे विसाव्या शतकात त्या तळ्याच्या जागी सारसबाग फुलली. म्हणजे पेशव्यांनीही ओढ्याची वाट बदलली होतीच. मात्र त्यांनी त्याला दुसरी वाट दिली, आणि मध्ये विसाव्याला तळे दिले. आपण वाट काढून घेतली आणि बदल्यात काही दिले नाही.

घरांची गरज खोटी नव्हती. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. त्या पूरग्रस्तांना छप्पर हवे होते. सहकारनगर, लोकमान्यनगर, गोखलेनगर अशा वसाहती त्यातून उभ्या राहिल्या. नंतर कारखाने आले, शिक्षण आले, संगणक आला. गावाकडून आलेल्या माणसाला "इथे जागा नाही" असे सांगणारा मी कोण? माझे आजोबाही असेच आले होते.

पण घर बांधणे वेगळे आणि डोंगर कापणे वेगळे. गवताचा उतार पावसाचे पाणी धरून ठेवतो, थोडे मुरवतो, थोडे सावकाश सोडतो. सिमेंटचा उतार ते एकदम खाली लोटतो. जून २०१३ मध्ये कात्रजच्या नव्या बोगद्याजवळ अचानक आलेल्या लोंढ्यात मोटारीतून जाणारी माय-लेक वाहून गेली. त्यानंतर वरच्या डोंगरफोडीची चर्चा झाली. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजचे तळे भरून वाहू लागले. भिंती आणि पुलांनी आवळलेल्या आंबील ओढ्याने अरण्येश्वर, सहकारनगरपासून दांडेकर पुलापर्यंत हाहाकार केला. त्या पावसात पुणे शहर आणि परिसरात वीसहून अधिक माणसे गेली. एका पुरातून वाचलेल्यांसाठी वसवलेल्या भागात दुसरा पूर आला, तोही नदीचा नव्हे, ओढ्याचा!

पुढे जून २०२१ मध्ये, ऐन पावसाळ्यात, दांडेकर पुलाजवळची ओढ्याकाठची घरे पाडली जाऊ लागली. न्यायालयाने ते थांबवले. ओढा मोकळा व्हायला हवा, यात वाद नाही. पण पाणी वरून खाली येते आणि हातोडा मात्र खालून सुरू होतो! ओढ्याकाठच्या माणसाला आधी जवळपास पक्के घर द्या, मग ओढा रुंद करा. आणि त्याहीआधी वर डोंगरावर जाऊन पाहा.

तिथे एक चांगला धागा हाती आहे. १९९७ मध्ये शहरात आलेल्या २३ गावांतील डोंगरांवर ९७८ हेक्टर जमीन जैवविविधता उद्यानासाठी राखून ठेवण्याचे ठरले. नागरिक वर्षानुवर्षे त्यासाठी भांडले आणि २०१५ मध्ये राज्य सरकारने ते आरक्षण मान्य केले. जमीनमालकाला त्याचा रास्त मोबदला मिळायलाच हवा, नाहीतर कागदावरचे उद्यान कागदावरच राहील. २०२१ मध्ये भिलारेवाडी, गुजर-निंबाळकरवाडी, मांगडेवाडी ही गावेही महापालिकेत आली. ही गावे कात्रजच्या तळ्यांच्या वरच्या अंगाला आहेत. तिथे घरे होणार. ती सपाटीला व्हावीत, उतार आणि ओढे सोडून व्हावीत, एवढेच मागणे.

दादी हौदावरून आणलेली घागर उंबऱ्याआत ठेवून घ्यायची आणि विचारायची, "बाकीच्यांना मिळाले ना?" नव्या इमारतीचा नकाशा मंजूर करताना हाच प्रश्न विचारावा: खालच्यांचे काय? पेशव्यांच्या कारागिरांनी तो विचारला होता, म्हणून दोन शतकांनंतरही माझी घागर भरली.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)