बिघडलेला आवाज : गिटार, मिक्सर आणि निवडीचा इतिहास



आजचा विषय जाहीर झाल्यावर काहींनी विचारलं, की जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस गिटारच्या पेडलवर काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. मी गिटार वाजवत नाही. पण निवड कशी करावी, हा माझ्या विषयातला फार जुना प्रश्न आहे, आणि आज तो वाद्यांच्या दुकानात रोज उभा राहतो. एक विशीतला मुलगा किंवा मुलगी, खिशात मोजके पैसे. समोर भिंतभर रंगीत डबे : ओव्हरड्राइव्ह, फझ, कोरस, डिले. शेजारी चार चॅनेलपासून चोवीस चॅनेलपर्यंतचे मिक्सर. काय घ्यायचं? दुकानदार एक सांगतो, मित्र दुसरं सांगतो, इंटरनेट तिसरं. घरातून पुन्हा पैसे मिळण्याची खात्री नाही. चूक झाली तर वर्ष वाया जातं. म्हणून ही निवड किरकोळ मानू नका.

मी याचं उत्तर इतिहासातून शोधणार आहे. हे डबे मुळात आले कुठून, ते आधी पाहू.

आधी एक फरक लक्षात ठेवा. आवाजाची यंत्रं दोन जातींची असतात. काही यंत्रं आवाज पोचवतात, काही आवाज घडवतात. मायक्रोफोन, मिक्सर, रेकॉर्डर ही पोचवणारी यंत्रं. त्यांनी आपल्या पदरचं काही घालू नये, हीच अपेक्षा. चांगला पोस्टमन पत्र जसंच्या तसं आणून देतो, तसं. गिटारचे पेडल आणि बऱ्याच अंशी गिटारचा ॲम्प्लिफायर ही घडवणारी यंत्रं. त्यांनी आवाज बदलायचाच असतो. आज हे उघड वाटतं. पण १९५० च्या आसपास हा फरक फारसा कोणाच्या डोक्यात नव्हता. तेव्हा ॲम्प्लिफायरनेही फक्त पोचवायचं होतं, आणि आवाज फाटला तर तो सरळ दोष होता.

आता अमेरिकेत, मेम्फिसला चला. साल १९५१. आइक टर्नरचा वाद्यवृंद मिसिसिपीहून सॅम फिलिप्सच्या छोट्या स्टुडिओत ध्वनिमुद्रणासाठी निघाला. वाटेत गिटारवादक विली किझार्टच्या ॲम्प्लिफायरला इजा झाली. कोणी सांगतात तो गाडीवरून पडला, कोणी सांगतात पावसात भिजला. स्पीकरचा कागदी शंकू फाटलेला, दुरुस्तीला वेळ नाही. फिलिप्सने त्यात कागद कोंबला आणि मुद्रण केलं. गिटार घरघरत, जवळजवळ सॅक्सोफोनसारखी वाजली. ‘रॉकेट ८८’ हे ते गाणं, आणि अनेक अभ्यासक त्याला पहिल्या रॉक अँड रोल मुद्रणांपैकी एक मानतात.

अपघात झाला हे खरं. पण तो झाकून टाकता आला असता. गिटार मागे ढकलता आली असती. फिलिप्सने ती ऐकू येईल अशी ठेवली. म्हणजे बिघाड नशिबाने झाला, तरी निवड माणसाने केली. सात वर्षांनी, १९५८ मध्ये, लिंक रे याने ‘रंबल’ या धूनेसाठी आपल्याच ॲम्प्लिफायरच्या स्पीकरला पेन्सिलीने भोकं पाडली, असं सांगतात. आता अपघाताचीही वाट पाहायची गरज उरली नव्हती.

पुढचा प्रसंग नॅशव्हिलचा, आणि आपल्या विषयाच्या अगदी मध्यावरचा. १९६० च्या अखेरीस मार्टी रॉबिन्सचं ‘डोन्ट वरी’ हे गाणं मुद्रित होत होतं. ग्रेडी मार्टिन सहा तारांची बेस गिटार वाजवत होता. त्याचा आवाज मिक्सिंग कन्सोलच्या ज्या चॅनेलमधून जात होता, तो चॅनेल नेमका बिघडला, आणि मधल्या तुकड्यात गिटार एखाद्या भल्यामोठ्या भुंग्यासारखी गुरगुरली. वादकाला तो आवाज फारसा रुचला नव्हता म्हणतात. तरी तो तुकडा ठेवला गेला. १९६१ मध्ये ते गाणं अमेरिकेच्या कंट्री संगीताच्या यादीत पहिलं आलं, आणि लोक विचारू लागले, हा आवाज कसा काढला?

तिथले ध्वनिमुद्रक होते ग्लेन स्नॉडी. त्यांची अडचण बघा. तो बिघडलेला चॅनेल पुढे पूर्णच बंद पडला. हवा असलेला दोष आता मिळेना! मग त्यांनी रेव्हिस हॉब्ज या अभियंत्याच्या मदतीने तो बिघाड मुद्दाम, ट्रान्झिस्टर वापरून, एका डब्यात उभा केला. गिब्सन कंपनीने तो घेतला आणि १९६२ मध्ये ‘मेस्ट्रो फझ-टोन’ या नावाने बाजारात आणला. आत तीन जर्मेनियम ट्रान्झिस्टर आणि दोन साधे सेल, वर पायाने दाबायचं बटन. बाजारात मोठ्या प्रमाणावर आलेलं हे पहिलं फझ पेडल.

म्हणजे पोचवणाऱ्या यंत्रातला दोष उचलून त्याचं घडवणारं यंत्र केलं गेलं. मिक्सरमधून जे हाकलायचं होतं, ते पेडलमध्ये विकत मिळू लागलं. मला हा प्रसंग तत्त्वज्ञानाच्या कितीतरी पाठ्यपुस्तकांपेक्षा बोलका वाटतो. दोष म्हणजे काय? एखाद्या गोष्टीचं जे प्रयोजन, त्याच्या आड येणारा गुणधर्म. प्रयोजन बदललं की तोच गुणधर्म गुण होतो. ॲरिस्टॉटलला हे वाचून आनंद झाला असता, आवाज ऐकून झाला असता का, ते सांगवत नाही.

पण गंमत पुढे आहे. गिब्सनलाही आपण काय बनवलं ते नीट कळलं नव्हतं. जाहिरात अशी, की या डब्याने तुमची गिटार ट्रम्पेटसारखी, ट्यूबासारखी, चेलोसारखी वाजेल. दुकानदारांनी पहिल्या वर्षी पाच हजारांहून अधिक पेडल उचलले आणि ते दुकानातच पडून राहिले. पुढची दोन वर्षं नवी मागणी जवळजवळ शून्य. मग १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सचं ‘सॅटिस्फॅक्शन’ आलं. कीथ रिचर्ड्सच्या मनात ती मुख्य धून खरं तर ब्रासच्या वाद्यांनी वाजायची होती, आणि फझ-टोन त्याने फक्त कच्चा आराखडा म्हणून वापरला होता. म्हणजे जाहिरातीत सांगितल्याप्रमाणेच! पण तो आराखडाच प्रसिद्ध झाला, जगभर गाजला, आणि दुकानांतला माल वर्षअखेरीपर्यंत संपला. लोकांना ट्रम्पेटची नक्कल नको होती. त्यांना तो गुरगुराटच हवा होता.

तेव्हा दुकानात उभ्या असलेल्या आपल्या मुलाने पहिली गोष्ट ही घ्यावी : डब्यावर काय लिहिलंय यापेक्षा त्यातून काय ऐकू येतंय ते महत्त्वाचं. बनवणाऱ्यालाही आपल्या वस्तूचा उपयोग पुरता ठाऊक असतोच असं नाही.

आता तुमच्यातले कोणी म्हणतील, सर, आवाज फाडण्यात कसली आलीय कला? त्यांना मी तंबोऱ्याकडे नेतो. मिरजेला जाऊन तंबोरा करणाऱ्या कारागिराला विचारा, सगळ्यात नाजूक काम कोणतं? तो सांगेल, जवारी. घोडीचा माथा किंचित उताराचा घासायचा, तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा, आणि तार घोडीला पुसटशी चाटत राहील अशी जागा शोधायची. दोरा नसला तर तार साधी, बोथट वाजते. दोरा जागेवर बसला की ती बोलायला लागते, वरचे स्वर उमटतात, खोलीभर पसरतात. शुद्ध कंपनाच्या दृष्टीने तार घासणं हा अडथळाच. आपण त्या अडथळ्याची शतकानुशतकं निगा राखली.

फझ पेडलही याच कुळातलं. गिटारची ‘ए’ तार सेकंदाला ११० कंपनं करते. तिची लहर वरून-खालून कापली, की ३३०, ५५० अशी वरची कंपनं जोर धरतात, आणि कापणी एका बाजूला जास्त असेल तर २२०ही. दोन स्वर एकत्र कापले तर त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे स्वर जन्मतात. ११० बरोबर त्याचा पंचम १६५ घ्या. वजाबाकी ५५, म्हणजे मूळ स्वराच्या बरोबर एक सप्तक खाली. बेरीज २७५, तीही ५५ च्या पटीत. सगळं एका घरचं. म्हणून फझवर षड्ज-पंचम भरदार वाजतात आणि चार-पाच स्वरांचा पूर्ण कॉर्ड मात्र चिखल होतो. रॉकवाल्यांनी ‘पॉवर कॉर्ड’ म्हणून जे उचलून धरलं, ते मुळात सा आणि प. तंबोऱ्याच्या सोबतीने वाढलेल्या कानाला हे परकं वाटायचं कारण नाही.

आता दुसऱ्या बाजूला, मिक्सर आणि रेकॉर्डरकडे वळू. १९७९ मध्ये जपानच्या टीॲक कंपनीने टॅस्कॅम या नावाने ‘पोर्टास्टुडिओ १४४’ आणला. साध्या कॅसेटवर चार ट्रॅक, आणि त्याच पेटीत छोटा मिक्सर. जानेवारी १९८२ मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीनने न्यू जर्सीतल्या आपल्या घरी अशा पेटीवर, दोन साध्या शुअर एसएम-५७ मायक्रोफोननी गाणी नोंदवली. उद्देश एवढाच, की वाद्यवृंदाला गाणी कळावीत. पुढे मोठ्या स्टुडिओत, निष्णात वादकांसह तीच गाणी पुन्हा करून पाहिली. पण कॅसेटवरचा एकाकीपणा काही केल्या येईना. अखेर तीच कॅसेट, जी तो डबीशिवाय खिशात घेऊन फिरत होता, ‘नेब्रास्का’ या नावाने त्याच वर्षी प्रसिद्ध झाली.

यावरून ‘स्वस्त यंत्रच बरं’ असा निष्कर्ष काढू नका. त्या कॅसेटवरून तबकडीसाठी मास्टर तयार करताना तंत्रज्ञांना मोठा त्रास झाला. आणि हेही विसरू नका, की दोन मायक्रोफोनसमोर बसलेल्या माणसाला काय गायचंय ते पक्कं ठाऊक होतं. यंत्राने ते इमानाने पोचवलं, तेवढं पुरलं.

त्याच १९८२ सालची गोष्ट, आपल्या मुंबईतली. रोलंड कंपनीने टीबी-३०३ नावाचं छोटं यंत्र काढलं होतं. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बेसची साथ मिळावी, हा त्यामागचा हेतू. बेस गिटारसारखं ते मुळीच वाजत नसे, म्हणून खपलं नाही आणि १९८४ मध्ये बंद झालं. पण हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गिटार आणि कीबोर्ड वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी तेच यंत्र, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर घेऊन दहा रागांची तबकडी केली : भैरव, ललत, मालकंस वगैरे. टीबी-३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. ज्याच्या कानात मींड मुरलेली आहे, त्याला ती सोय दिसणारच! तेव्हा तबकडी फारशी कोणी विचारली नाही. पुढे १९८७ मध्ये शिकागोच्या तरुणांनी त्याच यंत्रातून ‘ॲसिड हाउस’ हा प्रकार काढला, आणि २०१० मध्ये ही मुंबईची तबकडी परदेशात पुन्हा निघाली तेव्हा ऐकणारे चकित झाले. यंत्र तेच होतं, पण त्यातली मींड ऐकणारा कान इथे होता.

आता इतिहासाकडून दुकानाकडे परत येऊ. मला यातून जे दिसतं ते असं. पोचवणारं यंत्र आणि घडवणारं यंत्र एकाच कसोटीने घेऊ नका.

मिक्सर घेताना इमान बघा. काही न वाजवता गेन वाढवा आणि किती खरखर येते ते ऐका. लागतात तेवढेच चॅनेल घ्या. गिटार सरळ मिक्सरच्या लाइन इनपुटला लावली तर आवाज मेल्यासारखा येतो. दोष गिटारचा नसतो. गिटारच्या पिकअपला साधारण १० लाख ओहमचा इनपुट मानवतो आणि लाइन इनपुट बहुधा १० हजारांच्या आसपासचा असतो. तेव्हा गिटारसाठी वेगळं ‘हाय-झेड’ इनपुट आहे का ते विचारा, नसेल तर डीआय बॉक्स घ्या. या एका अज्ञानापायी चांगल्या गिटारी विकल्या गेल्या असतील! आणि मिक्सरचा लाल दिवा पेटू देऊ नका. नॅशव्हिलचा योगायोग आपल्या नशिबी येईल या आशेवर राहण्यात अर्थ नाही. आजच्या डिजिटल यंत्रातला फाटलेला आवाज बहुधा नुसता कर्कश असतो.

पेडल घेताना मात्र स्वभाव बघा, आणि एकच घ्या. दुकानातल्या महागड्या ॲम्प्लिफायरवर त्याची परीक्षा घेऊ नका. आपली गिटार आणि जमलं तर आपला ॲम्प्लिफायर घेऊन जा. एक स्वर हळू वाजवा, मग जोरात. हाताचा फरक पेडलमधून ऐकू येतो का? जो पेडल हळू-जोर एकाच पातळीवर आणतो, तो शिकणाऱ्याचा हात आळशी करतो. पुढे दुसरा पेडल आला की क्रमाचा प्रश्न येईल. सामान्यतः फझ आधी, डिले नंतर. उलट लावलं तर प्रतिध्वनी आणि मूळ स्वर एकत्र फाटतात आणि गोंधळ होतो. पण तुम्हाला गोंधळच हवा असेल, तर उलट लावा. फक्त तो ऐकून निवडलेला असू द्या.

आणि या सगळ्याच्या आधी एक काम, त्याला पैसे लागत नाहीत. जे वाजवायचंय ते कोरड्या गिटारवर, कोणताही परिणाम न लावता, आठवडाभर वाजवा आणि फोनवर नोंदवून ऐका. काय कमी पडतंय ते एका वाक्यात लिहा. ‘स्वर लवकर विझतो’, ‘गाण्याखाली गिटार दबते’, असं काहीतरी. ते वाक्य घेऊन दुकानात जा. जो ते लिहू शकला नाही, त्याने अजून महिनाभर थांबायला हरकत नाही. डबे कुठे पळून जात नाहीत.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा, आणि कोणी गिटार आणली असेल तर आधी ती ऐकू.