वही आणि टोपली

फोंडा महालातील एका देवस्थानाचे जुने दप्तर गेल्या वर्षी काही कामानिमित्त आमच्याकडे आले होते. तेल, कापूर, गूळ, वाती, नैवेद्याचे तांदूळ हे सारे जिन्नस बाजारातल्या एकाच पसऱ्यावरून वर्षानुवर्षे खात्यावर आलेले. पानाच्या शेवटी ‘बाकी पुढे’ एवढाच शेरा. जत्रा आटोपली की देवस्थान बहुतेक रक्कम चुकती करी, पण थोडीशी बाकी मुद्दाम ठेवी. एका वृद्ध महाजनांनी आम्हांस त्याचे कारण सांगितले : हिशेब पुरता मिटविणे म्हणजे पसरकाराला रामराम ठोकणे, असे तेव्हा मानीत. त्याच दप्तरात अलीकडचे कागद आहेत ते सुपरमार्केटच्या छापील पावत्यांचे. त्यांवर तारीख आहे, वेळ आहे, कराचा तपशील आहे. बाकी मात्र कोठेच नाही.

ही बाकी गेली कोठे, याचा शोध घेऊ लागलो तो थेट अमेरिकेतील मेम्फिस शहरी जाऊन पोहोचलो. तेथे सप्टेंबर १९१६ मध्ये क्लॅरेन्स सॉन्डर्स या गृहस्थाने पिग्ली विग्ली अशा चमत्कारिक नावाचे किराणा दुकान उघडले. तोवर तिकडची रीतही आपल्यासारखीच होती. गिऱ्हाइकाने यादी सांगावी, नोकराने माल काढून बांधून द्यावा, आणि पुष्कळदा रक्कम खात्यावर मांडावी. सॉन्डर्सने मधले काउंटर काढून टाकले. गिऱ्हाइकाच्या हाती टोपली दिली, जिन्नसांवर किमती लावल्या, आत येण्याची वाट एक व बाहेर जाण्याची दुसरी ठेवली, आणि बाहेरच्या वाटेवर गल्ला मांडला. या रचनेचे पेटंट त्याला १९१७ मध्ये मिळाले. उधारी अर्थातच बंद झाली. (पुढे शेअरबाजारातील झुंजीत त्याने स्वतःच बँकांकडून प्रचंड कर्ज उचलले आणि १९२३ मध्ये कंपनी त्याच्या हातून गेली. दैवाला विनोदाचे अंग असते म्हणतात ते असे.)

१९३० साली न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात मायकेल कलन याने एका जुन्या गॅरेजात असेच, पण पुष्कळ मोठे दुकान थाटले. मंदीचे दिवस, जागा स्वस्त, मालाचे ढीग आणि नफा थोडा. लहान दुकानदार कायद्याकडे धावले नाहीत असे नाही. साखळी दुकानांवर इंडियाना राज्याने १९२९ मध्ये कर बसविला आणि तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९३१ मध्ये तो वैधही ठरविला. परंतु टोपली घेऊन आत गेलेले गिऱ्हाईक काउंटरपाशी परत आले नाही.

आम्हा वकिलांची या दुकानांशी ओळख झाली ती एका इंग्रजी खटल्यातून. एज्वेअर येथे बूट्स कंपनीचे स्वयंसेवा पद्धतीचे औषधांचे दुकान होते. काही औषधांची विक्री नोंदणीकृत औषधविक्रेत्याच्या देखरेखीखालीच झाली पाहिजे, असा १९३३ चा कायदा होता, आणि तो औषधविक्रेता असे गल्ल्यापाशी. तेव्हा प्रश्न निघाला की विक्री होते केव्हा? बाटली टोपलीत पडते तेव्हा, की गल्ल्यापाशी? अपील न्यायालयाने १९५३ मध्ये निर्णय दिला : मांडलेला माल हे केवळ आमंत्रण, प्रस्ताव गिऱ्हाईक करते, आणि त्याचा स्वीकार गल्ल्यापाशी होतो. एरव्ही टोपलीतली वस्तू परत जागेवर ठेवण्याची मुभाही गिऱ्हाइकाला राहिली नसती. हा निवाडा आम्ही परीक्षेसाठी घोकला होता. त्याचा खरा अर्थ कळला तो त्या दप्तरापुढे बसल्यावर. सुपरमार्केटातील करार गल्ल्यापाशी जन्मतो आणि दोन मिनिटांत तेथेच पुरा होतो. पसऱ्यावरचा व्यवहार पुरा होतच नसे.

आणि या वहीला कायद्याचा आधार तरी किती? धंद्याच्या ओघात नियमितपणे ठेवलेल्या वहीतील नोंदी पुराव्यात येतात, पण केवळ तेवढ्यावरून कोणावर देणे लादता येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या ३४ व्या कलमातील हा नियम २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. म्हणजे वही अर्धी कायद्याच्या भरवशावर, अर्धी गावाच्या.

एवढ्यावरून आम्हांस कोणी जुन्याचे भाट समजू नये. त्या वहीत सर्वांना पान नव्हते. काही गिऱ्हाइकांना पायरीखाली उभे राहावे लागे आणि पुडी त्यांच्या पदरात वरून टाकली जाई. भारतीय संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदात, विहिरी व तलावांच्या जोडीने, दुकानांचा उल्लेख मुद्दाम करावा लागला तो उगीच नव्हे. शिवाय देणे अंगावर असलेला माणूस वजनाविषयी तक्रार कोणत्या तोंडाने करणार? टोपली जात पुसत नाही, आणि छापलेली किंमत महाजनाला व मजुराला एकच. देवळाच्या पायऱ्यांशी वाढलेल्या आम्हा मंडळींनी हे आधी कबूल करावे आणि मग वहीविषयी हळहळावे.

आपल्या देशात टोपली आली ती पुष्कळशी सहकाराच्या हाताने. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले आणि भाववाढीला आळा घालण्यासाठी त्याच वर्षी दिल्लीत सुपर बाजार सुरू झाला. तो २००२ मध्ये बंद पडला. फोंड्याला मात्र सुपारीच्या बागायतदारांनी उभारलेली गोवा बागायतदार ही संस्था आजही सुपारीही घेते आणि किराणाही विकते. तेथे टोपली आहे, आणि दुकानाचे मालक सभासद आहेत. पसरा आणि सुपरमार्केट यांच्या मधली ही वाट आम्हांस अधिक शहाणपणाची वाटते.

आता त्या दप्तराविषयी. पसऱ्याच्या फळ्या लागल्या त्यास बरीच वर्षे झाली. शेवटच्या पानावर एकेचाळीस रुपयांची बाकी पुढे ओढलेली आहे, आणि पुढे पान नाही. हे देणे लागते काय, असे महाजनांनी विचारले. मुदत कधीच सरली, दावा लागू शकत नाही, असा सल्ला आम्ही दिला. महाजनांनी तो ऐकून घेतला आणि पसरकाराच्या मुलाचा ठावठिकाणा काढून रक्कम पाठविली. त्याने ती परत धाडली. खाते वडिलांच्या नावाने चालू राहू द्या, एवढाच त्याचा निरोप होता. वार्षिक हिशेबात ही बाकी कोणत्या सदराखाली दाखवावी, यावर कमिटीत अजून एकमत झालेले नाही.