शौ : कमरेच्या फितीचं अक्षर

डावीकडे रेशमाचं चिन्ह, उजवीकडे ‘स्वीकारणं’. दोन्ही मिळून एक चिनी अक्षर होतं, उच्चार ‘शौ’. अर्थ फीत, पण वेणीची नव्हे, अधिकाऱ्याच्या कमरेला सरकारी मुद्रा टांगायची.

इ.स. 100 च्या सुमारास कोशकार शू शन यांनी उजवं अंग निव्वळ उच्चारापुरतं ठरवलं. उत्तर हान काळाच्या इतिहासातलं पोशाखाचं प्रकरण वेगळं सांगतं. जुन्या सरदारांचं गुडघ्यावरचं कातडी आच्छादन लढायांच्या धामधुमीत गेलं, दोरी तेवढी उरली. छिन राजवटीनं तिथे रंगीत रेशीम आणलं, ते एकमेकांत गुंफून ‘घेतलं’ जाई म्हणून ‘शौ’. गोष्ट छान आहे, पण मागाहून जुळवल्यासारखी वाटते. मी शू शन यांच्या बाजूचा.

हान दरबारानं या फितीचं काटेकोर शास्त्रच केलं. सरदार-सेनापतींना जांभळी, तालुक्याच्या अधिकाऱ्याला काळी, त्याखालच्यांना पिवळी. पन्हा सगळ्यांचा सारखाच, सुमारे 37 सेंटिमीटर, फरक विणीत. सम्राटाच्या फितीत 10,000 धागे, काळ्या फितीत 1,600. म्हणजे हुद्दा जितका खाली, तितकी वीण जाडीभरडी. सम्राटाची फीत जवळपास सात मीटर लांब, नऊवारीहून थोडीच आखूड!

या फितीचा दबदबा किती होता पाहा. हान घराण्यातल्या वू सम्राटाच्या काळी चू मायछन या गरीब विद्वानाला ख्वायजी प्रांताचं सुभेदारपद मिळालं. तो जुनेच कपडे घालून राजधानीतल्या त्या प्रांताच्या वाड्यावर गेला. कारकून पीत बसले होते, कुणी ढुंकून पाहिलं नाही. रखवालदारासोबत जेवताना मात्र त्याच्या कपड्यातून फितीचं टोक डोकावलं. रखवालदारानं ओढून पाहिलं, तर टोकाला सुभेदाराची मुद्रा! मग झाली धावपळ.

इ.स. 57 मध्ये हान सम्राटानं जपानमधल्या ना राज्याच्या दूताला मुद्रा आणि फीत दिल्याची नोंद आहे. 1784 मध्ये शिकानोशिमा बेटावर सापडलेली सोन्याची मुद्रा तीच मानतात. फीत केव्हाच कुजली. मुद्रेवरच्या सापाच्या आकाराच्या मुठीत ती ओवायचं भोक तेवढं आहे.

पुढे मुद्रा मोठ्या झाल्या, कचेरीतच राहू लागल्या आणि कमरेची फीत नुसती शोभेची उरली. अक्षर मात्र टिकलं. जपानमध्ये 1955 पासून कला आणि विद्येसाठी देतात त्या पदकाच्या नावात ही जांभळी फीत आहे. आपण ज्याला स्वर्गीय नर्तक म्हणतो, त्याच्या चिनी भावंडाचं नावही लांब शेपटीमुळे ‘शौ-दाय’, म्हणजे मुद्रेच्या फितीचा पक्षी. ‘दीर्घायुष्य’ या शब्दाचा उच्चारही शौच असल्यानं चिनी चित्रकारांनी त्याला वाढदिवसाच्या चित्रांत हौसेनं बसवलं.