मु. पो. तेर

सध्या आमच्या घरात एकच विषय चालू आहे, मुक्काम कुठे करायचा? हिवाळ्यात मुंबईहून क्रूझने लक्षद्वीपला जायचं ठरलंय. माणसं सहा, सामान भरपूर, म्हणून हैदराबादहून मुंबईपर्यंत गाडीनेच जायचं असं मुलाने आणि सुनेने ठरवलं. अंतर साधारण ७०० किलोमीटर. तरुण मंडळी ते एका दमात कापतात, पण आमच्याबरोबर दोन नातवंडं आणि माझी कंबर अशी तीन नाजूक मंडळी आहेत. तेव्हा वाटेत एक रात्र थांबणं आलंच. मुलगा म्हणतो, "आई, सोलापूरला हायवेवर हॉटेल बघतो. जेवायचं, झोपायचं, निघायचं. मध्ये तसं काही नाही."

ते 'मध्ये' म्हणजे उमरगा, नळदुर्ग, तुळजापूर, तेर. म्हणजे आपला धाराशिव जिल्हा! (२०२३ पर्यंतचा उस्मानाबाद. माझ्या सगळ्या नोकरीच्या कागदांवर तेच नाव आहे.) तिथल्या शाळांत मी आयुष्यभर इतिहास शिकवला. आता गावाकडचं घर राहिलेलं नाही, त्यामुळे त्या जिल्ह्यात रात्रीपुरती खोली शोधायची वेळ आली आहे. असो. मुलाशी वाद घालण्यापेक्षा या 'मध्ये'चा इतिहासच लिहून काढावा म्हटलं. कारण बंदराकडे निघालेल्या माणसाने रात्री कुठे थांबायचं, हा प्रश्न या भागात दोन हजार वर्षांचा जुना आहे.

'पेरिप्लस' हे नाव आपण शाळेत एका ओळीत शिकलो आणि विसरलो. पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेलं हे समुद्रप्रवासाचं टिपण. लेखकाचं नाव कुठेच नाही. कोणत्या बंदरात काय विकत मिळतं, काय खपतं, कुठे धोका आहे, असा सगळा रोखठोक हिशेब. त्यात तो सांगतो की बरुगाझा, म्हणजे भडोच बंदरापासून दक्षिणेला २० दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि पैठणपासून पूर्वेला १० दिवसांवर तगर नावाचं फार मोठं शहर आहे. तगरहून साधं कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल वगैरे माल गाड्यांत भरून भडोचला जातो, आणि वाट फार बिकट आहे, धड रस्ता नाही.

हे तगर कुठलं यावर विद्वानांनी बरीच वर्षं डोकं खाजवलं. कुणी देवगिरी म्हटलं, कुणी जुन्नर. अखेर १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी दाखवून दिलं की तगर म्हणजे तेरणा नदीकाठचं आपलं तेर. गोरोबाकाकांचं तेर!

मला आकड्यांचा नाद आहे, म्हणून नकाशा घेऊन बसले. तेर ते पैठण सरळ रेषेत साधारण १५० किलोमीटर. दिवस १०. म्हणजे रोजचे १५. पैठण ते भडोच सरळ रेषेत साधारण ३५० किलोमीटर. दिवस २०. म्हणजे रोजचे साडेसतरा. वळणं आणि घाट धरले तर थोडे जास्त. दोन्ही हिशेब बैलगाडीच्या चालीशी किती बरोबर जुळतात पाहा. त्या अनाम ग्रीकाने आपल्याला चक्क मुक्कामांची संख्या सांगून ठेवली आहे! कापडाचा एक गठ्ठा जहाजावर चढेपर्यंत ३० दिवस. दर १५ किलोमीटरवर एक रात्र, आणि प्रत्येक रात्री बैलांना वैरण-पाणी, माणसांना चूल, मालाला राखण. आमची गाडी तेवढं अंतर पंधरा मिनिटांत मागे टाकेल.

बरं, कल्याण बंदर तर तेरहून भडोचपेक्षा जवळ. मग एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? त्याचंही उत्तर पेरिप्लसमध्ये आहे. कल्याण पूर्वी रीतसर व्यापाराचं बंदर होतं, पण पुढे राजकारण बदललं आणि तिथला व्यापार अडवला गेला. चुकून एखादं ग्रीक जहाज कल्याणला लागलंच, तर त्याला पहाऱ्यात भडोचला नेत. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या भांडणाचा हा परिणाम. भांडण राजांचं, आणि जास्तीचे मुक्काम गाडीवानाच्या माथी.

दुसरी अडचण तारखेची. जहाजाच्या कंपनीने आम्हाला कळवलंय की दिलेल्या वेळेनंतर आलात तर चढता येणार नाही. नातू म्हणाला, "किती कडक!" मी त्याला सांगितलं, बाळा, पूर्वी तर वारा तारीख ठरवायचा. इजिप्तकडून निघणारी जहाजं जुलैच्या सुमारास नैऋत्य वाऱ्यावर सुटत आणि परत फिरताना डिसेंबर-जानेवारीत ईशान्येचा वारा धरत. तो चुकला की पुढच्या हंगामाची वाट पाहायची. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात गाडी हाकून बघा, आसापर्यंत रुतते. म्हणजे तेरचे गाडीवान दसऱ्याच्या आगेमागे वाटा सुकल्यावर निघत असणार, आणि पौषाच्या आत माल जहाजावर पोचायला हवा. या दोन-तीन महिन्यांत ३० दिवस नुसते वाटेचे. एखादा बैल आजारी पडला, एखाद्या नदीला उतार मिळाला नाही, तर त्यासाठी हाताशी चार दिवस जादा हवेतच. प्रवासाची आखणी म्हणजे दुसरं काय असतं?

हा माल खरोखर किती लांब पोचत असेल याचा अंदाज देणारी एक गोष्ट. तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी उभ्या आयुष्यात जमवलेल्या वस्तूंचं संग्रहालय आहे. त्यात एक छोटी हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. इटलीतलं पाँपेई शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. तिथे १९३८ मध्ये उत्खननात एक भारतीय हस्तिदंती मूर्ती निघाली. ती आणि तेरची मूर्ती यांत अभ्यासकांना बरंच साम्य दिसलं आहे. पाँपेईची ती बाई नेमकी कुठे घडली यावर मतं वेगळी आहेत. पण ती इ. स. ७९ च्या आधी भारतातून जहाजात बसून गेली, एवढं नक्की. क्रूझची आमची हौस तशी फार नवी नाही म्हणायची!

आता १४०० वर्षं पुढे येऊ. १४७० च्या सुमारास अफानासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी चौल बंदरात उतरला आणि चालत जुन्नरला गेला. विकायला बरोबर एक घोडा आणला होता. जुन्नरच्या खानाने तो काढून घेतला आणि धर्म बदलशील तर परत देतो म्हणाला. एका खोरासानी गृहस्थाने मध्यस्थी केली म्हणून बिचारा सुटला. चिखल आणि पाऊस यांमुळे दोन महिने त्याला जुन्नरलाच अडकून पडावं लागलं. मग तो बहमनींच्या राजधानीला, बिदरला गेला. नकाशावर जुन्नर आणि बिदर यांच्यावर पट्टी ठेवून पाहा, ती आपल्या भूम तालुक्याला घासून जाते. निकितीनने मुक्कामांबद्दलही लिहून ठेवलंय. परका माणूस इथे धर्मशाळेत उतरतो, तिथल्या बायका त्याला रांधून घालतात, अंथरूण घालून देतात, याचं त्याला अप्रूप वाटलं होतं. परत जाताना त्याने दाभोळला जहाज धरलं, पण स्वतःच्या गावी काही पोचला नाही. स्मोलेन्स्कच्या अलीकडेच वारला. त्याची वही मात्र पोचली.

मुक्काम म्हणजे नुसतं पाणी आणि चूल नव्हे, सोबतीला कोण आहे याचा भरवसाही लागतो. तो भरवसा तुटला की काय होतं ते ठगांनी दाखवलं. ठग वाटेवर एकदम हल्ला करत नसत. ते आधी ओळख काढत, "रस्ता वाईट आहे, आमच्याबरोबर चला" म्हणत, दोन-तीन मुक्काम गोड बोलत, आणि मग एका मुक्कामावर गळ्याला रुमाल आवळत. ज्याने ही कहाणी १८३९ मध्ये इंग्रजी कादंबरीतून जगाला सांगितली तो फिलिप मेडोज टेलर पुढे आपल्या नळदुर्गात राहिला होता, हे आमच्या भागातल्याही अनेकांना माहीत नसतं. निजामाने १८५३ मध्ये नळदुर्ग जिल्हा इंग्रजांकडे दिला, तेव्हा त्याचा कारभार टेलरकडे आला आणि १८५७ पर्यंत तो इथे होता. (१८६० मध्ये जिल्हा परत निजामाकडे गेला. तेव्हा जिल्ह्याचं ठाणं नळदुर्गच होतं, धाराशिवला ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलं.)

आणि नळदुर्गचं पाणी! बोरी नदी अडवून किल्ल्यात बंधारा घातला आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात महाल बांधला. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ मध्ये. पावसाळ्यात बंधारा भरला की पाणी 'नर' आणि 'मादी' अशा दोन सांडव्यांवरून धो धो कोसळतं, आणि आत महालात बसलेला माणूस कोरडाच्या कोरडा. दुष्काळी म्हणून ज्याची सदा हेटाळणी होते त्या जिल्ह्यात पाण्याचा एवढा थाट कुणी केला होता, हे नातवंडांनी एकदा बघायला हवं.

हे मुक्काम मोडले कशाने? आगगाडीने. १८६० मध्ये रेल्वे सोलापूरपर्यंत आली. मग आपल्याकडचा कापूस बैलगाडीने सोलापूर गाठायचा आणि तिथून आगगाडीने मुंबईच्या गोदीत. तीसचे चार-पाच मुक्काम झाले. १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेचा पहिला टप्पा सुरू झाला आणि १९११ मध्ये ती छोटी गाडी लातूरला पोचली. चार-पाच मुक्कामही गेले. माझ्या वयाच्या लोकांना ती गाडी आठवत असेल. चढावर उतरून चालता येईल इतकी सावकाश जायची, अशी तिची थट्टा व्हायची. २००८ पर्यंत लातूरपर्यंतची ती वाट रुंद झाली. आता चौपदरी रस्ता झालाय. प्रत्येक वेळी प्रवास सोपा झाला याचा मला आनंदच आहे, बैलगाडीचे हाल मी पाहिलेत. पण प्रत्येक वेळी काही गावं 'मुक्काम' होती ती 'मध्ये' झाली, हेही खरं. आपण पत्रावर अजून 'मु. पो.' लिहितो. मुक्काम पोस्ट! पोस्ट कसंबसं उरलं आहे. मुक्काम करणारा माणूस आला तर गावात चहा विकला जातो, खोली भाड्याने जाते, कुणीतरी कुणालातरी विचारतं की तुम्ही कुठले. हायवेवरून शंभरच्या वेगाने गेलं तर यातलं काही होत नाही.

म्हणून मी मुलापुढे माझी आखणी ठेवली आहे. पहिल्या दिवशी पहाटे हैदराबाद सोडायचं, उमरग्याला न्याहारी, दुपारच्या आत नळदुर्ग. हिवाळ्यात धबधबे नसले तरी पाणीमहाल आहेच. संध्याकाळी तुळजापूर, आणि रात्रीचा मुक्काम तिथेच. तुळजापूरला एक जुनी रीत आहे. पिढ्यान्‌पिढ्यांचे पुजारी आणि त्यांच्याकडे उतरणारी ठरलेली घराणी. हॉटेलं आत्ताची, ही सोय जुनी. फक्त मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळायची, आणि पौषात शाकंभरी नवरात्राच्या तारखा आधी बघायच्या, नाहीतर पाय ठेवायला जागा मिळायची नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर धाराशिववरून तेर. गोरोबांची समाधी, विटांचं त्रिविक्रम मंदिर, लामतुरे संग्रहालय. मग येडशी, बार्शी, कुर्डुवाडीवरून पुण्याच्या रस्त्याला लागायचं आणि रात्री मुंबई. जहाज तिसऱ्या दिवशी दुपारी. म्हणजे हाताशी अर्धा दिवस जादा. टायर फुटलं, एक्स्प्रेसवेवर घाटात अडकलो, तरी जहाज चुकणार नाही. तेरच्या गाडीवानांनीही असाच विचार केला असता!

सोलापूरच्या हॉटेलपेक्षा यात ६०-७० किलोमीटर जास्त पडतील आणि एक दिवस जास्त जाईल. सूनबाईंना पटलंय. मुलगा अजून गूगल मॅप बघतोय.

त्याच्यासाठी शेवटचा एक पुरावा. ठाण्याला, कोल्हापूरला आणि दक्षिण कोकणात शिलाहारांची तीन घराणी राज्य करत होती. उत्तर कोकणचे शिलाहार तर ऐन समुद्रकाठचे राजे. ठाणे, सोपारा, चौल ही बंदरं त्यांची, ज्या मुंबईहून आम्ही जहाजात बसणार ती बेटंही त्यांच्याच मुलखातली. अंबरनाथचं देऊळ त्यांच्याच काळातलं, १०६० चं. त्यांच्या ताम्रपटांत राजाच्या बिरुदांमध्ये एक ठरलेलं बिरुद येतं, 'तगरपुरवराधीश्वर'. श्रेष्ठ अशा तगर नगराचे स्वामी. तेर तेव्हा त्यांच्या ताब्यातही नव्हतं. पण घराणं मूळचं तिथलं, हे सांगण्यात त्यांना मोठेपणा वाटत होता.

तुमच्या घरातही बंदराला, यात्रेला किंवा शिकायला जाताना वाटेत थांबायची एखादी ठरलेली जागा असेल, जिथे आता कुणी थांबत नाही. ती कोणती होती ते जरूर कळवा. निदान नावं तरी एकत्र राहतील.