तळटीप : दक्षिणेला निघण्याआधीचा मुक्काम

* उत्तर अमेरिकेत मोटारघरातून फिरणारी निवृत्त जोडपी हिवाळ्यासाठी दक्षिणेला जाण्याआधी मुलाबाळांकडे थांबतात, ते निव्वळ मायेपोटी, असा मूळ लेखकाचा सूर आहे. तो अर्धाच खरा. मुक्कामाची वेळ ठरवते ती थंडी. पारा शून्याखाली राहू लागला की गाडीतले पाणी गोठून नळ्या फुटतात, आणि उत्तरेकडचे बरेच तळ ऑक्टोबरात बंदच होतात. उलट ॲरिझोनात क्वार्ट्झसाइटजवळच्या सरकारी जमिनीवरचा दीर्घ मुक्कामाचा हंगाम १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा असतो. मधल्या काही आठवड्यांत डॉक्टरची तपासणी, औषधांचा साठा, तुंबलेले टपाल आणि नातवंडे, सगळेच उरकायचे असते. कॅनडातला थँक्सगिव्हिंगचा सणही ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी, म्हणजे याच सुमारास येतो.

मग मुलाचे घर म्हणजे फुकटचा वाहनतळच की, असे कोणी म्हणेल. पण सोयच पाहायची तर घरापर्यंत जाण्याचे कारण नाही : कायम गाडीतच राहणारे अनेक जण साउथ डकोटात टपालसेवेचा पत्ता घेतात आणि पत्रे जिथे असतील तिथे मागवतात, औषधेही वाटेत मिळतात. तरीही ते वाट वाकडी करतात, आणि पोराच्या अंगणात गाडी लावून रात्री आपल्याच बिछान्यावर झोपतात (यजमान सूनबाईंनाही ते सोयीचेच). विमानाने केव्हाही येता येईल हे खरे, पण गाडी, कुत्रा आणि तळाचे भाडे मागे ठेवून भर हिवाळ्यात उत्तरेला परतणारे थोडेच. कॅनडाच्या नागरिकांना अमेरिकेत एका खेपेला साधारणतः सहा महिनेच राहता येते; त्यामुळे पुढची भेट बहुधा एप्रिलमध्ये होते.