मुंबईचें उधाण : खरी नोंद आणि खोटी नोंद

पांढरकवड्याहून समुद्र शेंकडों मैल दूर. तेथील शेतकऱ्यास वादळ म्हटलें म्हणजे गारपीट आठवते. उधाणाचें भय त्याच्या स्वप्नांतहि नसतें. तरी वऱ्हाडच्या कापसाच्या गांठी एके काळीं मुंबईच्या बंदरांतूनच विलायतेस जात. तेव्हां तें बंदर वादळाच्या पाण्यापासून कितपत सुरक्षित आहे, हा प्रश्न त्यालाहि अगदींच परका नाहीं.

चक्रीवादळांच्या कित्येक याद्यांत एक भयंकर नोंद आढळते : ६ जून १८८२ रोजीं मुंबईंत समुद्र चढून १,००,००० माणसें मेलीं. एका व्याख्यानांत मीहि ती बेधडक सांगितली होती, हें कबूल केलें पाहिजे. पण ती खोटी आहे. खानेसुमारीप्रमाणें १८८१ सालीं मुंबईची वस्ती ७,७३,१९६ होती व १८९१ सालीं ८,२१,७६४. जवळजवळ आठांतला एक माणूस एका दिवसांत नाहींसा झाला असता, तर घरोघर त्या तिथीस श्राद्धें झालीं असतीं. कुलाब्याच्या वेधशाळेंत तेव्हां वायुभार नियमानें मोजला जात होता, शहरांत वृत्तपत्रें निघत होतीं. मुंबईच्या गॅझेटिअरांत मात्र या अनर्थाची खूण नाहीं. एकानें लिहिलें तें दुसऱ्यानें उतरून घेतलें, एवढाच त्यास आधार.

मग मुंबईस भय नाहीं असें कोणी म्हणेल, तर ती चूक पहिलीहून वाईट. मे १६१८ मध्यें वाऱ्यानें समुद्र गांवांत शिरला व सुमारें २,००० माणसें दगावलीं, असें पोर्तुगीज वृत्तांत सांगतो. १ नोव्हेंबर १८५४ च्या रात्रीं थोड्या तासांत सुमारें १,००० माणसें बळी पडलीं. उधाणाचें अनुमान करणारा अशाच नोंदींवर विसंबतो. १८८२ चा लाखाचा आंकडा हिशेबांत घेतला तर धोका उगीच फुगतो. तो गाळतांना १६१८ हि गाळलें, तर तो तितकाच उणा दिसतो.

उधाण म्हणजे एखादी उंच लाट नव्हे. सबंध समुद्रच वर चढतो. वादळाच्या पोटांत वायुभार कमी असल्यानें पाणी फुगतें खरें, पण भार एक मिलिबार उतरला तर पाणी जेमतेम एक सेंटिमीटर वर येतें. खरा मारा वाऱ्याचा. उथळ समुद्रावरून लोटलेल्या पाण्यास खालून परतण्यास वाव नसतो, तें किनाऱ्याशीं सांचत जातें; आणि मुंबईसमोरचा समुद्र पश्चिमेस फार दूरवर उथळ आहे. त्यांत मोठ्या भरती-ओहोटीचें अंतर सुमारें पांच मीटर. ओहोटीच्या घटकेस आलेलें उधाण वाळूवरच निमेल, तेंच भरतीस आलें तर उंबरठा ओलांडील. म्हणून आज गणिती शेंकडों कल्पित वादळें निरनिराळ्या वाटांनीं व वेळांनीं किनाऱ्यावर आणून पाहतात.

वाटेचें महत्त्व ३ जून २०२० रोजीं दिसलें. आपल्या गोलार्धांत वादळाचा वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. त्यामुळें पश्चिमेकडून आलेल्या वादळाच्या केंद्राच्या दक्षिणेस वारा समुद्राकडून जमिनीवर येतो, उत्तरेस जमिनीकडून समुद्रावर जातो. 'निसर्ग' वादळ अलिबागच्या दक्षिणेस लागलें. दिवेआगर-श्रीवर्धनच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. मुंबई केंद्राच्या उत्तरेस राहिली, तेथें झाडें पडलीं, पण समुद्र शहरांत आला नाहीं. तेंच केंद्र वसईच्या उत्तरेस लागतें, तर तोच वारा गिरगांवच्या चौपाटीवर समुद्र लोटीत आला असता.