माधव आपटे : सात कसोट्यांची कारकीर्द

४. ‘आपटे’ : मुंबईचे सलामीचे फलंदाज माधव आपटे (१९३२–२०१९). १९५२ साली पाकिस्तानविरुद्ध कसोटी-पदार्पण करून, पुढील वर्षी वेस्ट इंडीजच्या दौऱ्यात पोर्ट ऑफ स्पेन येथे ज्यांनी नाबाद १६३ धावांची धीरोदात्त खेळी केली आणि त्या एका मालिकेत ४६० धावा जमविल्या, त्यांचे नाव, अवघ्या सात सामन्यांत ४९.२७ च्या सरासरीने ५४२ धावा खाती जमा असताही, वय केवळ वीस असता निवड समितीच्या दप्तरातून जे खारीज झाले ते पुनश्च दाखल झाले नाही. तत्कालीन पूर्व खानदेश जिल्ह्यातील चोपड्यासारख्या तालुक्याच्या गावी वर्तमानपत्रांतील धावफलकांवर वाढलेल्या, ही टीप ज्या ग्रंथाला जोडली आहे त्याच्या ग्रंथकाराने आपट्यांविषयी व्यक्त केलेली हळहळ म्हणूनच सर्वस्वी यथार्थ होय. — संपादक